पिठावरचं वेटोळं

१

टोपली उचलली आणि भागाबाईंनी हात जोडले.

"नागोबा," त्या हलकेच म्हणाल्या. "माह्या भाऊ नागाच्या जन्माले गेला."

दहाव्याची सकाळ होती. उद्धवराव ज्या दिवाणावर गेले, त्याच्या पायथ्याशी दहा दिवस दिवा तेवत होता. घरच्या रीतीप्रमाणे आदल्या संध्याकाळी भागाबाईंनी दिव्याशेजारी तांदळाचं पीठ चाळून पसरलं होतं आणि त्यावर बांबूची टोपली पालथी घातली होती. गेलेला माणूस पुढे कुठल्या जन्माला जातो, त्याची खूण पिठावर उमटते म्हणे. आणि उमटली होती. वीतभर रुंद गोल वेटोळं, मध्ये कोरी जागा, अंगावर बारीक तिरप्या रेषा, खवल्यांसारख्या.

पुतण्या सुरेंद्रने डोळे मिटून नमस्कार केला. भाजी घेऊन आलेली सखूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिने पदर डोळ्यांना लावला. उद्धवरावांच्या मुलीने, चैत्रालीने, मात्र हात जोडले नाहीत. भावाच्या पुढच्या जन्माची आत्याला जी चिंता होती, ती तिला नव्हती. तिची नजर टीव्हीखालच्या फळीवर गेली होती.

"आत्या, बाबांची पेटी कुठं आहे?"

फळीवर बोटभर धूळ होती आणि धुळीत एक स्वच्छ चौकोन.

निर्मल गावच्या रंगकामाची लाकडी पेटी. झाकणावर मोर, मोराच्या मानेवरचा निळा रंग बोटं लागून उडालेला. विकायला गेलं तर चहाचे पैसे आले नसते. पण उद्धवरावांच्या शेवटच्या सहा वर्षांत त्या घरात त्याहून महत्त्वाची वस्तू नव्हती. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर, बायको गेल्यावर, मुलगी हैदराबादच्या कॉलेजात ग्रंथपाल झाल्यावर या गृहस्थाने एकच नियम पाळला होता: दुपारी एक ते दोन, 'साने आणि शिंगाडे'. रात्रीच्या मालिकेचं दुपारी पुन्हा प्रसारण. साने हा टापटीप, चमचा खिशात घेऊन फिरणारा, बाहेरच्या पाण्याला न शिवणारा इन्स्पेक्टर, आणि शिंगाडेबाई ही त्याची हवालदार, गुन्ह्याच्या जागी शेंगा सोलत बसणारी. दोघांचं एका गोष्टीवर जमत नसे आणि खुनी मात्र दोघं मिळून पकडत.

उद्धवरावांचीही एक शिंगाडेबाई होती. तामसीहून रोज भाजी घेऊन येणारी सखूबाई. बाजार आटोपला की ती टोपलं पडवीत उतरवून दिवाणाशेजारी जमिनीवर बसे. तिच्याकडे टीव्ही नव्हता. शेवटच्या जाहिरातीला दोघं आपापला अंदाज पेटीत टाकायचे. उद्धवराव चिठ्ठी लिहीत. सखूबाईला लिहिता येत नसे, ती संशयितांना भाज्या वाटून देई. लाल मिरची म्हणजे सून, लसणाची पाकळी म्हणजे डॉक्टर, असं आधी ठरे, मग ती वस्तू पेटीत पडे. शेवट पाहिल्यावर पेटी उघडायची. वहीत दोघांचे बरोबर अंदाज मांडलेले होते: सखूबाई एकशे बारा, उद्धवराव सत्तावीस.

उद्धवरावांच्या चिठ्ठीवर नेहमी वेळ असे, रेल्वेच्या पद्धतीची. जन्मभर पंचनामे लिहिलेला माणूस. किराण्याच्या यादीवरसुद्धा तो वेळ घालायचा.

काल संध्याकाळी चहा घेताना चैत्राली आत्या, सुरेंद्र आणि सखूबाई या तिघांसमोर म्हणाली होती, "दहावं झालं की मी बाबांची पेटी उघडणार आहे."

सहज नव्हती म्हणाली. वडील गेले त्या दिवशी दुपारी एक बावन्नला तिच्या फोनवर त्यांचं नाव उमटलं होतं. ती मीटिंगमध्ये होती. तिने फोन पालथा घातला. अडीचला तिने उलट फोन केला तेव्हा तो सुरेंद्रने उचलला. तिने पहिलंच विचारलं, "बाबांनी फोन केला होता का?" तो म्हणाला, "नाही गं, मीच लावला होता त्यांच्या फोनवरून. काका एकलाच गेले."

एक वाजता गेले. मालिका सुरू होण्याआधी. मग एक बावन्नचा फोन बाबांचा नव्हता. या एका वाक्याला धरून तिने दहा दिवस काढले होते, आणि दहा दिवस तिला एका जागी बसवलं नव्हतं.

त्या दिवशी 'साने आणि शिंगाडे'चा अखेरचा भाग होता. बाबा एकला गेले असतील, तर पेटी रिकामी असायला हवी. पेटीत चिठ्ठी असेल, तर तिच्यावर वेळ असणार.

आणि आता पेटीच नव्हती.

२

पुरुष मंडळी घाटावर गेली. चैत्राली ओट्यापासून पडवीपर्यंत आणि पडवीपासून ओट्यापर्यंत फेऱ्या घालत राहिली.

"बस ना बाई," सखूबाई म्हणाली. ती पडवीत बसून भोपळा चिरत होती. शेजारी तिचं टोपलं, त्यात भाजीच्या पाल्यावर डोक्यावर घ्यायची, हिरव्या लुगड्याच्या धडप्याची वळलेली कोरी चुंबळ. "फिरून राह्यलं तं पेटी सापडते का?"

"कोणी घेतली असेल, सखूबाई? आत काही नाही. कागद आणि मिरच्या."

"मंग कागदासाठीच घेतली." सखूबाईने विळीवरून मान वर केली. "सायब म्हणत, शोध घ्याले दोन डोस्के पाह्यजेत. एक बुकातलं, एक बाजारातलं. तुमचं बुकातलं हाये. माह्यं घ्या बाजारातलं."

चैत्रालीला दहा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, अर्धंच. "ठीक आहे. काल संध्याकाळी सहाला पेटी होती, मी पाहिली. रात्री दारं बंद होती. घरात मी आणि आत्या. आज सकाळी कोण आलं?"

"सुरेंद्र सहाले आला. मी साडेसहाले, पयल्या गाडीनं. मागच्या दारानं. भागाबाई न्हाणीत होत्या."

"आणि मी विहिरीवर."

"म्हंजे सुरेंद्र येकटाच होता आत," सखूबाई भोपळ्याला सांगितल्यासारखं म्हणाली. "मी आपलं सांगून राह्यली."

"सुरेंद्रदादाला काय करायचीय पेटी?"

"शेवटच्या भागाची चिठ्ठी असंन त्याच्यात. मले तं शेवट काय झाला थोबी ठावं नाई. मी सव्वाले आली, तं सायब गेलेले. थ्या दिवसापासून टीव्हीकडं पाह्यलं नाई मी."

चैत्राली स्वयंपाकघरात गेली. आत्या चुलीपुढे डाळ घोटत होत्या. भावाहून सहा वर्षांनी मोठ्या, ऐकू कमी येणाऱ्या, पण सोयीचं तेवढं नीट ऐकू येणाऱ्या.

"आत्या, बाबा गेले तेव्हा किती वाजले होते?"

"मले घड्याळ कुठं समजते माय. एक. सुरेंद्र म्हणला ना, एक."

"तुम्ही कुठं होतात?"

"आतच, पडली होती. आवाज आला म्हून उठली. पाह्यते तं सुरेंद्र रिमोट शोधून राह्यला. टीव्ही तिकडं चालूच होती, गाणं लागलं होतं, थे शेवटी नावं येतेत ना, तवाचं. मी म्हटलं, अरे कोणी बंद करा रे, माणूस गेला..."

पडवीत भांडं पडल्याचा मोठा आवाज झाला. "निसटलं वं," सखूबाई ओरडली.

आत्यांनी डाव डाळीत बुडवला आणि तोंड चुलीकडे फिरवलं.

बाबा एक वाजता गेले, मालिका लागण्याआधी. आणि बहीण धावत आली तेव्हा शेवटी नावं येतात तेव्हाचं गाणं चालू होतं. चैत्राली या दोन वाक्यांकडे एकाच पानावर छापलेल्या दोन वेगळ्या तारखांकडे पाहावं तशी पाहत राहिली.

दुपारी पान वाढलं तेव्हा तिला घास जाईना. सखूबाईने भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हाताशी ठेवला.

"खा. चमचा नको पाहू. सान्यानंबी शेवटी तिच्या डब्यातली भाकर हातानंच खाल्ली ना. त्याचं काई झिजलं का?"

"सखूबाई, हे एवढं सगळं नको."

"अर्धी तरी खा."

तिने अर्धी खाल्ली. सखूबाई टोपलं घेऊन तीनच्या गाडीला निघाली, आणि जाता जाता दारातून म्हणाली, "सुरेंद्राले विचारजो बाई. त्याच्या तोंडावरची माशी उडत नाई दहा दिवसापासून."

३

सुरेंद्रचं झेरॉक्सचं दुकान बसस्टँडच्या रस्त्याला होतं. अकराव्याच्या सकाळी त्याचं मुंडलेलं डोकं यंत्राच्या हिरव्या उजेडात चमकत होतं. चैत्राली आत येऊन स्टुलावर बसली आणि लगेच उठली.

"दादा, टीव्ही कोणी बंद केला?"

"कोणता टीव्ही?"

"बाबा गेले तेव्हाचा."

"लागलाच नव्हता. एक वाजायचा होता ना."

"आत्या म्हणाल्या, तू रिमोट शोधत होतास. शेवटचं गाणं चालू होतं."

सुरेंद्रने आधार कार्ड काचेवर ठेवलं, उलटं ठेवलं, पुन्हा सुलटं केलं. "आत्याचं काय घेऊन बसली. तिले कालचं जेवण आठवत नाही."

"नावं येण्याचं गाणं दोन वाजता लागतं. तू दुकान दोनला बंद करून घरी जेवायला जातोस. आमच्या दारावरून. एक वाजता तू इथं असतोस."

"चैतू, काऊन उकरून राह्यली?"

"पेटी तू घेतलीस?"

आता मात्र त्याने सरळ तिच्याकडे पाहिलं. सुरेंद्रला खोटं बोलता येत नसे, लहानपणी चिंचा चोरल्या की हाच पकडला जायचा. "पेटी मी घेतली नाही. काकाच्या दिव्याची शपथ. मी सहाला आलो, पडवीतून कलश उचलला, आत पायसुद्धा ठेवला नाही. बाकीचं मले विचारू नको."

"बाकीचं म्हणजे काय?"

"अन्ना, आधार जिरॉक्स," काउंटरवर एक म्हातारा उभा होता. सुरेंद्रने पाच बोटं दाखवली, तेलुगूत "ऐदु निमिषालु," पाच मिनिटं, म्हणाला आणि यंत्राच्या मागे वाकला, जणू कागद अडकला होता.

कागद अडकला नव्हता. चैत्राली पाहत होती. तो फक्त तोंड लपवत होता.

"दादा, एक बावन्नला तूच फोन लावलास ना?"

यंत्रातून एकामागून एक कोऱ्या प्रती बाहेर पडत राहिल्या.

४

एक वाजता ती दिवाणावर बसली. बाबांच्या जागी नाही, शेजारी. आत्या आत निजल्या होत्या. तिने फोनवर मालिकेचा अखेरचा भाग लावला.

तिला ही मालिका कधी आवडली नव्हती. बाबा दर रविवारी फोनवर आठवडाभराचे खून सांगत आणि ती "हं" म्हणत कपाटं लावत असे. वाचलेल्या शेकडो रहस्यकथांनी तिला एक शिकवलं होतं, आणि तेही ती एकदा बाबांना जरा अंगावर आल्यासारखं म्हणाली होती: "जोडीदार कधीच गुन्हेगार नसतो बाबा. तसं केलं तर वाचक पुस्तक फेकून देईल." बाबा म्हणाले होते, "आणि केलंच तर?"

भाग होता एका हॉटेलमालकाच्या खुनाचा. सून, डॉक्टर, ड्रायव्हर. मेलेल्याच्या हातातली चिठ्ठी गायब, आणि शिंगाडेबाई खोलीतून सर्वांत शेवटी बाहेर पडलेली. एक एक्कावन्नला शेवटची जाहिरात लागली. चैत्रालीने घड्याळ पाहिलं. एक बावन्न. फोन हातातच होता, तो थरथरला नाही.

जाहिराती संपल्या. खुनी डॉक्टर निघाला. डॉक्टरच्या हातात बेड्या पडल्या, पाहुणे पांगले, आणि हॉटेलच्या मागच्या पायरीवर साने आणि शिंगाडेबाई दोघंच उरले. तिने डबा उघडला. सान्याने खिशातला चमचा काढला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा खिशात ठेवला आणि तिच्या डब्यातली भाकरी हाताने तोडून खाल्ली. त्यावर नावं येऊ लागली. गाणं लागलं.

चैत्राली उठून उभी राहिली.

सान्यानंबी शेवटी तिच्या डब्यातली भाकर हातानंच खाल्ली ना.

हे शेवटचं दृश्य होतं. अगदी शेवटचं, दोनला मिनिटभर कमी. सव्वा वाजता येऊन साहेब गेलेले पाहिले, शेवट काय झाला मला माहीत नाही, टीव्हीकडे त्यानंतर पाहिलंच नाही, असं म्हणणाऱ्या बाईला हे कसं ठाऊक? घरी टीव्ही नाही, फोन बटणांचा. ते दृश्य तिने एकाच ठिकाणी पाहिलं असणार. इथे, या जमिनीवर, बाबांच्या पायाशी.

चैत्राली फळीकडे गेली, दाराकडे गेली, परत आली. पीठ काल आत्यांनी भरून नदीत सोडलं होतं, पण फरशीवर अजून त्याची पुसट गोलाई होती. खवले. तिरप्या रेषा. सापाच्या अंगावर रेषा एकाच दिशेला गुंडाळत जात नाहीत. कापडाच्या पिळाच्या जातात.

सखूबाई पिठावर वाकली असेल, आणि डोक्यावरून काय पडलं असेल? आणि काल टोपल्यात चुंबळ कोरी का होती? सहा वर्षं तीच लाल काठाची, तेलाने काळी पडलेली होती. रविवारी बाबा सांगायचे, "सखूबाईचा मुकुट."

बाबा मौका पाहणीला जात तेव्हा म्हणायचे, जागेवर जाऊन उभं राहिल्याशिवाय नकाशावर सही करू नये. तिने पायात चपला सरकवल्या. सखूबाई आज बाजाराला आली नव्हती, पण सव्वादोनची तामसीची गाडी मिळणार होती.

५

वाटेवरून वांग्याचा तुकडा दिसत होता. सखूबाई पाठमोरी वाकून वांगी तोडत होती. कुंपणाच्या काटक्यांवर धुतलेलं लुगडं, चोळी आणि त्यांच्या टोकाला लाल काठाची चुंबळ वाळत होती.

चैत्रालीने ती हातात घेतली आणि पीळ उलगडला. बाहेरून स्वच्छ होती. आत, जिथे पाणी आणि साबण पोचत नाही तिथे, घडीत पांढरी रेघ बसली होती. तांदळाच्या पिठाची.

सखूबाईने मागे पाहिलं. विळा खाली ठेवला. पळून जाण्यासारखं तिने काही केलं नाही, फक्त मातीचे हात पदराला पुसले.

"गाडीत जागा भेटली का?" तिने विचारलं.

"उभी आले."

"उभीच असशील. तुले बसता येते कुठं." ती बांधावर बसली. "सांग. बुकातल्या डोस्क्यानं काय शोधलं?"

चैत्रालीने सांगितलं. शांतपणे, एकेक. आत्यांनी ऐकलेलं गाणं. सान्याची भाकर. वेटोळ्याच्या रेषा आणि कोरी चुंबळ. पेटी उघडणार हे ऐकणारी तीन माणसं. "आत्यांना पेटी हवी असती तर दहा दिवस हाताशी होती, आणि पिठाला हात लावायची त्यांची हिंमत नाही. सुरेंद्रदादा वेळेबद्दल खोटं बोलतो, पण बाबांच्या दिव्याची शपथ खोटी घेणार नाही. उरलात तुम्ही. चिठ्ठीवर वेळ होती, म्हणून पेटी गेली. फक्त एक कळत नाही. पेटी फळीवर होती. टोपली कशाला उचललीत?"

सखूबाईने वांग्याच्या देठाचा काटा नखाने खरवडला.

"पाह्याचं होतं," ती म्हणाली. "सायब कोणत्या जन्माले गेले थे. मी परकी, मले कोण जवळ येऊ देते पीठ पाहाले. म्हटलं कोणी आत याच्या आंदी आपण पाहून घ्याव. वाकली तं चुंबळ पडली. उचलली, तं वेटोळं. मंग भागाबाईनं हात जोडले, आता त्याईले काय सांगू, तुमचा भाऊ माह्यी चुंबळ झाला म्हून?"

चैत्राली हसली. मग हसणं मध्येच कुठेतरी अडलं.

"एक बावन्नचा फोन बाबांचा होता."

"व्हय."

वाऱ्याने लुगडं कुंपणावर फडफडलं. चैत्राली दहा दिवस ज्याच्यापासून पळत होती ते समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि आता पळायला जागा नव्हती.

"त्यांना त्रास होत होता? मदतीला म्हणून..."

"त्रास?" सखूबाईने मान जोरात हलवली. "आइक. नीट आइक, मंग पुन्ना मले विचारू नको. जाहिरात लागली. मी लसूण टाकला पेटीत, डागदरचा. सायब पेन घेऊन बसले. लिहीनात. म्हणे सखूबाई, अखेरचा भाग हाये, आज तरी जिकू दे. माह्यी पोरगी शंभर बुकं वाचते, तिले विचारतो. मी म्हटलं, थे चोरी हाये. तं हसून राह्यले, पोट धरून. फोन लावला. वाजला, वाजला. मंग म्हणे, कामात असंन. असू दे. अन् आपल्या मनानं लिहिलं, टाकलं पेटीत, अन् टेकले मागं."

"मग?"

"मंग काई नाई." तिचा आवाज पहिल्यांदा खाली गेला. "मले वाटलं डोळा लागला. दुपारी लागे त्याईचा. मी आवाज कमी केला माय. आवाज कमी केला अन् मी पाहत बसली. पुरा शेवट पाह्यला. डागदर निघाला, मी जिकली. सान्यानं भाकर खाल्ली तवा मी हसली. म्हटलं, सायब, उठा, हरले तुमी. पुन्ना म्हटलं, हरले तुमी." तिने बांधावरचं ढेकूळ उचलून हातात चुरलं. "मेलेल्या माणसाले मी दोनदा म्हटलं."

दूर कुठेतरी मोटरपंप सुरू झाला.

"मी वरडली तं सुरेंद्र रस्त्यावरून धावला. डागदर आला, म्हणे दिवा इझावा तसं हाये, कोणी जवळ बसून असतं तरी काई करता आलं नसतं. पण मी जवळच बसून होती ना? मंग तुह्या फोन आला. तू इचारलं, बाबानं फोन केला का, अन् सुरेंद्राच्या तोंडून निंघून गेलं. नाई. एकले गेले. आमी तिघं एकमेकाकडं पाह्यलं अन् ठरलं. तुह्या जिवाले तो फोन लागू नये म्हून. मले बरंच झालं, मी सव्वाले आली म्हटलं का सारं झाकते. पण तू म्हटली, पेटी उघडतो. चिठ्ठीवर टाइम असनच. मंग तुलेबी कळलं असतं, अन् मलेबी तोंड दाखवता आलं नसतं तुले."

ती उठली, घरात गेली आणि तुरीच्या डाळीच्या मडक्यातून पेटी काढून आणली. मोराच्या मानेवर डाळीची धूळ होती.

"मी उघडली नाई," ती म्हणाली. "शेवट दोघाईनं पाह्यला का मंग उघडाची, असं हाये. तू पाह्यला ना?"

"पाहिला."

चैत्रालीने झाकण उघडलं. लसणाची एक पाकळी, आता सुकून पिवळी पडलेली. आणि घडी केलेला कागद. बाबांचं उभट, मोजणीदाराचं अक्षर.

१३-५४. शिंगाडे.

खाली कंसात, बारीक: चैतूच्या मते जोडीदार नसतो. तरी.

तिने चिठ्ठी वाचून दाखवली. सखूबाईने कपाळावर हात मारून घेतला. "शिंगाडेबाई. हे बाप्पा. सहा वर्सं शेजारी बसला माणूस, काई शिकला नाई. माह्ये एकशे तेरा झाले."

चैत्रालीने पर्समधून वही काढली. येताना का घेतली होती तिला सांगता आलं नसतं. सखूबाईच्या रकान्यात तिने एक रेघ ओढली. मग बाबांच्या रकान्यातही एक ओढली.

"हे काऊन? टीव्हीत तं डागदर निघाला."

"टीव्हीत निघाला. आमच्या घरात चिठ्ठी कोणी लपवली?"

सखूबाईने मान पुढे काढली. वहीकडे पाहिलं, जणू तिला वाचता येत होतं.

"आसं नसते चालत," ती पुटपुटली. मग वेगळ्या आवाजात: "तू फोन उचलला असता, तं काय सांगतलं असतं त्याईले?"

चैत्रालीने विचार केला. प्रामाणिकपणे केला, कारण हा एकच प्रश्न दहा दिवस तिला कोणी विचारला नव्हता. "म्हणाले असते, कोणीही लिहा बाबा, शिंगाडे लिहू नका."

"अन् त्याईनं आइकलं असतं. तुह्यं आइकत थे."

"हो."

"मंग सत्तावीसचे सत्तावीसच राह्यले असते." सखूबाईने टोपलं ओढून जवळ घेतलं आणि बांधावर हात आपटून जागा दाखवली. "बरं झालं नाई उचलला. बस आता. गाडीले अजून येळ हाये."

चैत्राली बसली.